जंगलातल्या उभ्या वाटेसाठी कोणती एटीव्ही घ्यावी?

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढे डोंगराच्या कुशीत जमीन असलेल्या एका तरुण बागायतदाराचा प्रश्न माझ्यापुढे आहे. वर बारा एकर काजू, खाली ओहोळाच्या कडेला सुपारी, आणि दोहोंच्या मधे सव्वा किलोमीटरची वाट, अशी त्यांची मांडणी आहे. वाटेचा मधला तुकडा ऐन, किंजळ आणि जांभळीच्या दाट झाडीतून जातो आणि इतका उभा आहे की पॉवर टिलरची ट्रॉली तिथे चढत नाही. खताची पोती वर न्यायची, हंगामात काजूबिया आणि एरवी जळण खाली आणायचे, एवढे काम आहे. त्यांच्यासमोर तीन एटीव्ही, म्हणजे चार जाड टायरच्या आणि मोटरसायकलसारखे वर बसून चालवायच्या गाड्या, आहेत: नवी पोलॅरिस स्पोर्ट्समन ५७०, गोव्यात कोणाकडे तरी विकायला असलेली वापरलेली यामाहा ग्रिझली ७००, आणि तशीच वापरलेली, मागे सरळ अ‍ॅक्सल असलेली (म्हणजे मागची दोन्ही चाके एकाच अखंड दांड्यावर असलेली) होंडा रँचर ४२०. “यांतली चढायला सर्वांत चांगली कोणती?” असे त्यांनी विचारले आहे.

खानापूर आणि चंदगडच्या उतारांवरच्या बागांमध्ये मी अठरा वर्षे अशा गाड्या चालवतो आहे, आणि बेळगावात उद्यमबागेतल्या एका शेडमध्ये त्या खोलून जोडतोही आहे. त्या अनुभवावर सांगतो, की चढण्याचा प्रश्न या तिघींपैकी कोणतीही गाडी सोडवेल. लो रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारी गिअरची जोडणी) किंवा पुरेसा खालचा पहिला गिअर, चारही चाकांना जोर आणि टायरमध्ये बेताची हवा असली, तर चारशे सीसीचे इंजिनही दोन पोती घेऊन तुमच्या बागेत पोहोचते. माणूस आणि गाडी दोघांची परीक्षा परतीच्या वाटेवर होते. म्हणून ही निवड मी उताराच्या बाजूने करतो, आणि पुढचे सगळे विवेचन त्याच क्रमाने करणार आहे.

सुरुवातीच्या वर्षांतला माझा एक प्रसंग सांगतो, म्हणजे मी कशाबद्दल बोलतो आहे ते नीट कळेल. तेव्हा माझ्याकडे एक जुनी, हातोहात फिरलेली, बेल्टवर चालणारी, म्हणजे गिअर बदलण्याऐवजी पुलींवरच्या पट्ट्याने जोर चाकांकडे नेणारी, एटीव्ही होती. आषाढाचे दिवस होते, जांभ्याच्या कातळावर ओल्या पानांचा थर बसला होता आणि मी मागच्या कॅरियरवर जळणाची मोळी बांधून खाली येत होतो. उतार सुरू होताच सवयीने थ्रॉटल सोडला. दोन-तीन सेकंद इंजिनाने गाडीला धरून ठेवले, मग आवाज एकदम मंद झाला आणि गाडी मोकळ्या सायकलसारखी सुटली. मी मागचा ब्रेक दाबला, मागची दोन्ही चाके जागच्या जागी थांबली, पण गाडी थांबली नाही. ती पानांवरून आडवी होत घसरत गेली आणि खालच्या बाजूच्या एका ऐनाच्या बुंध्याला टेकून उभी राहिली. तो बुंधा हातभर डावीकडे असता तर गाडी माझ्या अंगावरून गेली असती. त्यात कोणाच्या कारखान्याचा दोष नव्हता. गाडीच्या क्लचची रचना समजून न घेता मी ती घेतली होती, हा दोष माझा होता.

झाले ते असे. बेल्टच्या गाडीत इंजिनाचे फेरे एका मर्यादेखाली आले की क्लच सुटतो आणि इंजिन व चाके यांचा संबंध तुटतो. सपाटीवर हे सोयीचे असते, कारण गाडी थांबली तरी इंजिन बंद पडत नाही. उतारावर मात्र ज्या क्षणी इंजिनाने गाडीला रोखून धरायला हवे, त्याच क्षणी ते हात सोडते. यावर कंपन्यांनी वेगवेगळे उपाय केले आहेत, आणि तुमच्या तीन पर्यायांमधला खरा फरक सीसीच्या आकड्यांपेक्षा या उपायांमध्ये अधिक आहे.

ग्रिझलीत यामाहाने अल्ट्रामॅटिक म्हणून जी रचना दिली आहे, तिच्यात तेलातल्या क्लचबरोबर एकाच दिशेने फिरणारे एक बेअरिंग असते, ज्याला मेकॅनिक मंडळी स्प्रॅग म्हणतात. थ्रॉटल सोडल्यावर चाकांकडून उलटा येणारा जोर हे बेअरिंग पकडते आणि इंजिनापर्यंत पोहोचवते, त्यामुळे गाडी चालण्याच्या वेगापर्यंत खाली आली तरी इंजिन तिला सोडत नाही. शिवाय फोर व्हील ड्राइव्ह लावलेला असला की हा रोध चारही चाकांना मिळतो. उतारावर गाडीचे बहुतेक वजन पुढच्या चाकांवर आलेले असते, आणि जिथे वजन तिथे पकड, हे लक्षात घेतले तर पुढच्या चाकांना मिळणारा रोध किती मोलाचा आहे ते सांगायला नको. ओल्या पानांवर ब्रेकला हात न लावता, एकसारख्या गतीने, लो मध्ये उतरणारी ग्रिझली एकदा पाहिली की माणूस बाकीच्या गोष्टींबद्दल फार वाद घालत नाही.

स्पोर्ट्समन ५७० ची गोष्ट थोडी निराळी आहे. तिचे इंजिन ५६७ सीसीचे आणि ४४ अश्वशक्तीचे आहे, म्हणजे ताकदीला काही कमी नाही. पोलॅरिसची ऑल व्हील ड्राइव्ह गरजेपुरती लागते: स्विच चालू असला तरी मागची चाके घसरू लागेपर्यंत पुढची चाके मोकळीच फिरतात, आणि मागची घसरली की पुढच्या हबमधले रोलर पकडतात. चढताना ही युक्ती उत्तम चालते आणि एरवी स्टिअरिंग हलके राहते. उतरताना मात्र इंजिनाचा रोध फक्त मागच्या चाकांपर्यंत जातो आणि पुढची चाके स्वच्छंदपणे पुढे पळतात. याला उत्तर म्हणून पोलॅरिस अ‍ॅक्टिव्ह डिसेंट कंट्रोल नावाची सोय देते, जी पुढच्या चाकांनाही रोधात सामील करून घेते. पण ती काहीच प्रकारांवर असते. तेव्हा विक्रेत्याला विचारताना “इंजिन ब्रेकिंग आहे का” असे विचारू नका, कारण उत्तर ‘आहे’ असेच येईल आणि ते खोटेही नसेल. “उतारावर पुढच्या चाकांना रोध मिळतो का, आणि त्याचा स्विच कुठे आहे ते दाखवा” असे विचारा. एक जमेची बाजूही सांगायला हवी: या गाडीच्या डाव्या हाताच्या एकाच लिव्हरने चारही चाकांचे ब्रेक लागतात, त्यामुळे घाबरलेला माणूस फक्त मागची चाके आवळून बसण्याचा धोका कमी होतो.

रँचर ४२० मध्ये बेल्टच नाही. तिथे मोटरसायकलसारखे दात असलेले गिअर आणि चाकांकडे जाणारा शाफ्ट आहे. पहिल्या गिअरमध्ये टाकून सोडली की ती उतारावर इंजिनाच्या भरवशावर सावकाश येते. बेल्ट जळण्याची, ओला होण्याची किंवा घसरण्याची चिंता तिच्यात नाही, आणि ज्या मेकॅनिकने आयुष्यभर मोटरसायकली खोलल्या आहेत त्याला ती परकी वाटत नाही. तिला स्वतंत्र लो रेंज नाही, ही उणीव आहे. पहिला गिअर पुरेसा खालचा आहे, तरीही वजन घेऊन अगदी उभ्या जागी पुन्हा गती घेताना ती कुंथते.

आता उतार म्हणजे नेमका किती, हे मोजल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही, कारण “एकदम उभा” हे वर्णन मी पंधरा अंशांनाही ऐकले आहे आणि पस्तीस अंशांनाही. चार फुटांची सरळ लाकडी पट्टी घ्या, तिचे वरच्या बाजूचे टोक वाटेवर टेकवा, गवंड्याच्या लेव्हलने ती आडवी धरा आणि खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. ते एक फूट भरले तर उतार सुमारे १४ अंशांचा आहे. एक फूट साडेदहा इंच भरले तर तो २५ अंशांचा झाला, आणि कित्येक कंपन्यांच्या पुस्तिकांमध्ये हीच वरची मर्यादा म्हणून दिलेली असते. दर वीस पावलांवर असे मोजून वहीत लिहा. तुमच्या वाटेवर २५ च्या वरचे दोन-तीन तुकडे निघाले, तर गाडी बदलून ते सुटणार नाहीत. तिथे जेसीबी लावून एखादे वळण काढणे हाच उपाय, आणि तो कोणत्याही दोन गाड्यांमधल्या किमतीच्या फरकापेक्षा स्वस्त पडतो. वळण काढताना वाट डोंगराच्या बाजूला किंचित कललेली ठेवा आणि पाण्याला चर काढून द्या; नाहीतर कणकुंबीच्या बाजूने येणारा आपला पाऊस पहिल्याच आषाढात तिची नाळ करून टाकील.

आडव्या उताराचा, म्हणजे डोंगर एका कुशीला ठेवून जाण्याचा, प्रश्न चढ-उतारापेक्षाही नाजूक आहे. एटीव्हीची रुंदी सुमारे १२० सेंटीमीटर असते, आणि चालक तिच्यात बसत नाही तर तिच्यावर बसतो. त्यामुळे दोघांचा मिळून गुरुत्वमध्य बराच वर जातो. ऑस्ट्रेलियात शेतावर या गाड्यांखाली सापडून माणसे मरण्याचे प्रकार फार झाले, तेव्हा तिथल्या सरकारने २०१९ मध्ये सुरक्षेचे बंधनकारक मानक आणले. ११ ऑक्टोबर २०२१ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या शेतकामाच्या क्वाड बाइकवर (एटीव्हीचेच तिथले नाव), गाडी उलटल्यास चालकाला चिरडण्यापासून वाचवणारी कमान असणे सक्तीचे झाले आणि गाडीच्या स्थिरतेची किमान पातळीही ठरवून दिली गेली. आडव्या स्थिरतेचे ते गुणोत्तर ०.५५ आहे, म्हणजे स्थिर उभी गाडी सुमारे २९ अंश कलेपर्यंत उलटू नये. त्या वेळी होंडा, यामाहा आणि पोलॅरिस यांनी तिथल्या बाजारात या नियमाखाली गाड्या विकण्यापेक्षा माघार घेणे पसंत केले. या भांडणात कोण किती बरोबर, हा वेगळा विषय आहे. आपल्यासाठी धडा इतकाच, की स्थिर गाडीला २९ अंश ही किमान अपेक्षा असेल, तर चालत्या, ओझे लादलेल्या, मुळावरून उडालेल्या गाडीला त्याच्या निम्म्यावर समाधान मानले पाहिजे. मी माझ्या माणसांना आडव्या उतारावर चार फुटी पट्टीखाली एक फूट भरले की थांबायला सांगतो. मागच्या कॅरियरच्या जागी बसणारी ती कमान उद्यमबागेतला चांगला फॅब्रिकेटर बनवू शकेल असे वाटणे साहजिक आहे, पण तिची लवचीकता आणि बसवण्याचे बिंदू तपासून ठरवलेले असतात. घरगुती पाइप वाकवून केलेली कमान गाडीचे वजन वर नेते आणि वेळेला मोडते. मिळाली तर तयार घ्यावी.

इथे मागच्या अ‍ॅक्सलचा विषय येतो, आणि त्याबद्दल मला अनेकांपेक्षा वेगळे वाटते. रँचरचा सरळ अ‍ॅक्सल जुनाट म्हणून हिणवला जातो. दगडाधोंड्यांतून जाताना त्याचा मधला गोळा खाली लोंबतो आणि उभ्या खडकाला अडकतो, हे खरे आहे. स्वतंत्र सस्पेन्शनच्या, म्हणजे प्रत्येक चाक वेगळे वर-खाली होणाऱ्या, ग्रिझलीला जमिनीपासून सुमारे २८ सेंटीमीटर मोकळी उंची मिळते, तेवढी त्याला कधीच मिळत नाही. पण आडव्या उतारावर सरळ अ‍ॅक्सल गाडीला खालच्या बाजूला झुकू देत नाही, आणि मागे ट्रॉली जोडली तरी तिचे बूड बसत नाही. स्वतंत्र सस्पेन्शनची गाडी मऊ असते, वजन लादले की खालच्या बाजूचा स्प्रिंग दबतो आणि उतार आहे त्यापेक्षा तीन-चार अंश जास्त होतो. चंदगडच्या बाजूला एका मळ्यात वाट बांधलेली आणि स्वच्छ आहे, दगड वेचलेले आहेत, काम सगळे ट्रॉलीचे आहे. तिथे गेली कित्येक वर्षे सरळ अ‍ॅक्सलची गाडीच राबते आहे आणि ती बदलावी असे मी कधी सुचवले नाही. तुमच्या वाटेवर मात्र झाडांची उघडी मुळे आणि जांभ्याचे सुटे चिरे आहेत, असे तुम्हीच लिहिले आहे. तिथे रँचर दर खेपेला कुठेतरी टेकेल.

झाडांमधल्या जागेचे मोजमाप घेताना फक्त गाडीची रुंदी पाहू नका. हँडलवरचे हात, बाजूला आलेले पोते आणि वळताना आत येणारे मागचे चाक हे सगळे धरून पाच फूट मोकळी जागा हवी. याच कारणासाठी दोन माणसे शेजारी बसतील अशा साइड बाय साइड गाडीचा मी तुमच्यासाठी विचार केलेला नाही. तिच्यात पिंजरा आणि सीटबेल्ट असतो, उलटली तर माणूस वाचण्याची शक्यता जास्त, हे मान्य. पण झाडीतल्या अरुंद वळणावर ती दोन-दोनदा मागे-पुढे करावी लागते, आणि उभ्या उतारावर रिव्हर्समध्ये जाणे हा स्वतंत्र धोका आहे. उघड्या रानात आणि रुंद वाटेवर मी उलट सल्ला दिला असता.

ओझ्याबद्दल. ग्रिझलीच्या पुढच्या कॅरियरची मर्यादा ५० किलो आणि मागच्याची ९० किलो आहे. युरियाचे पोते ४५ किलोचे असते, म्हणजे एक पुढे आणि दोन मागे असा हिशेब बसतो. लोक चुकतात ते पुढचे कॅरियर रिकामे ठेवून सगळे मागे रचण्यात. चढताना वजन मागे सरकते, पुढची चाके हलकी होतात, आणि एखाद्या मुळावर ती उचलली गेली की गाडी मागच्या मागे उलटते. म्हणून चढताना पुढचे पोते आधी बांधा आणि मागचे नंतर. उतरताना काजूच्या पिशव्या शक्यतो मागे ठेवा. फवारणीची टाकी नेणार असाल तर ती पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी न्या, कारण अर्ध्या टाकीतले पाणी नेमके नको त्या वेळी नको त्या बाजूला जाते. आणि मजुरांपैकी कोणी “मालक, वरपर्यंत सोडा की” म्हणाले, तर नम्रपणे नकार द्या. एका माणसासाठी बनवलेल्या गाडीच्या मागच्या कॅरियरवर बसलेला दुसरा माणूस म्हणजे चढावर साठ किलोचे हलते ओझे.

टायरच्या हवेकडे आपल्याकडे कोणी लक्ष देत नाही. या गाड्यांच्या टायरला साधारण ५ ते ७ पीएसआय हवा लागते, तर पेट्रोल पंपावरच्या गेजचा काटा एवढ्या कमी दाबाला धड हलतही नाही. परिणामी पंपावरचा पोरगा अंदाजाने पंधरा भरतो, टायर दगडासारखा होतो, मुळावरून उडतो आणि दोष गाडीच्या सस्पेन्शनला जातो. कमी दाब मोजणारा वेगळा गेज मिळतो, तो गाडीच्या आधी विकत घ्या. बांबू तोडलेल्या जागी तिरके टोकदार खुंट राहतात आणि ते टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसतात. तिथे पट्टी बसत नाही, म्हणून सहा प्लायचे, म्हणजे सहा थरांच्या मजबुतीचे, टायर घालावेत. गाडी थोडी कडक चालेल, पण रानात अडकणार नाही.

बेल्टच्या दोन्ही गाड्यांना एक शिस्त लागते, ती म्हणजे चढावर नेहमी लो रेंज. हाय मध्ये सावकाश चढवले की बेल्ट पुलीवर घसरतो, तापतो आणि झिजतो. मी जेव्हा एखादी वापरलेली गाडी तपासतो तेव्हा इंजिनाच्या आवाजाकडे नंतर पाहतो, आधी बेल्टचे झाकण काढायला लावतो. आत काळी भुकटी कोपऱ्यात साचलेली असेल, बेल्टच्या कडा आरशासारख्या चकाकत असतील आणि जळक्या रबराचा वास येत असेल, तर ती गाडी पर्यटकांनी हाय मध्ये पिदडलेली आहे, मग मीटर काहीही सांगो. पुलीच्या तबकडीवर नख फिरवून पाहावे. नख एका रेघेत अडकले तर बेल्ट ज्या जागी तासन्‌तास घसरत राहिला ती जागा सापडली असे समजा. झाकणाच्या तळाशी पाण्याची वाळलेली रेघ दिसली तर गाडी ओहोळात बुडवलेली आहे. एवढे पाहायला अर्धा तास पुरतो, आणि विकणारा हे झाकण काढू देत नसेल तर चहा घेऊन परत यावे.

सुट्या भागांचे काय, हा रास्त प्रश्न आहे. पोलॅरिसने भारतात २०११ मध्ये आपली कंपनी उघडली, त्यामुळे ५७० चे भाग मागवण्याचा सरळ मार्ग आहे. ग्रिझली आणि रँचर आपल्याकडे बहुधा आयात होऊन, दोन-तीन हात बदलून आलेल्या भेटतात. बेअरिंग, बुश, ब्रेकचे लायनर, शाफ्टचे रबरी बूट यांसाठी बेळगाव सोडावे लागत नाही. ज्या गावात ओतकामापासून हायड्रॉलिक्सपर्यंत सगळे होते तिथे एक बुश टर्न करून घेणे ही काही मोठी गोष्ट नाही. बेल्ट, स्प्रॅग बेअरिंग आणि इलेक्ट्रॉनिक भाग मात्र बाहेरूनच येतात. ग्रिझली घेतलीत तर पहिल्याच महिन्यात दोन मूळ बेल्ट मागवून घरात ठेवा, डब्यात घालून, उंदरांपासून लांब.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो इथे निर्णायक ठरू शकतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात फक्त बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेल्या विशेष वाहनाला मोटार वाहनाच्या व्याख्येतून वगळले आहे. पण सार्वजनिक रस्त्यावर चाक ठेवायचे तर नोंदणी हवी. पोलॅरिसने ५७० चा एक प्रकार ट्रॅक्टर म्हणून मान्यता घेऊन आणला, तो ७.९९ लाखांना बाजारात आला होता आणि रस्त्यावर चालवता येतो. तुमच्या दुसऱ्या दोन पर्यायांना ही सोय नाही. तुमची वाट मधे गावचा रस्ता ओलांडते, असे तुम्ही लिहिले आहे. तो ओलांडणे हेसुद्धा रस्त्यावर येणेच आहे. शिवाय तुमच्या भागापासून भीमगड अभयारण्य फार लांब नाही. ते २०११ मध्ये घोषित झाले आहे आणि अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. आसपासच्या राखीव वनातही “इथूनच तर वाट जाते” ही सबब चालत नाही. गाडी आपल्या सातबाराच्या, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत पहाणीच्या, हद्दीतच फिरवा. संध्याकाळनंतर ती वर नेऊ नका. काजू पिकल्यावर गवे बोंडांसाठी बागेत येतात, आणि झाडीतल्या वळणावर समोर आलेल्या गव्याला एटीव्हीच्या हॉर्नचे काही वाटत नाही.

तर निवड. तुमच्या वाटेवर मुळे आणि सुटे दगड आहेत, उतार झाडीतला आणि वर्षातले चार महिने ओला आहे, आणि ओझे कॅरियरवर मावणारे आहे. या तिन्ही गोष्टी ग्रिझलीच्या बाजूने जातात. तिला आड येणारी एकच गोष्ट म्हणजे गावचा रस्ता, आणि त्यावर तोडगा असा की गाडीची शेड घराजवळ न बांधता रस्त्याच्या वरच्या अंगाला, आपल्या हद्दीत बांधा. खताची पोती तिथपर्यंत तुमचा आजचा टेम्पो आणतोच आहे. शेडची जागा मिळत नसेल, किंवा चंदगडच्या बाजूला तुमच्या मामांची जी जमीन आहे तिथेही गाडी नेण्याचा विचार असेल, तर ट्रॅक्टर म्हणून नोंदणी होणारी ५७० घ्या, पण पुढच्या चाकांना उतारावर रोध मिळतो याची खात्री झाल्यावरच. ती सोय नसेल तर आधी वाटेवर दोन वळणे काढा आणि उतार पंधराच्या आत आणा. रँचर मी तुमच्यासाठी सुचवत नाही. तिच्यात वाईट काही नाही, फक्त ही वाट तिची नाही.

ग्रिझली पाहायला गोव्यात जाल तेव्हा चोर्ला घाट उतरून जाताना युरियाची तीन पोती बरोबर न्या. विकणाऱ्याला जवळपासचा एखादा कच्चा उतार दाखवायला सांगा, एक पोते पुढे आणि दोन मागे बांधा, फोर व्हील ड्राइव्ह लावा, लो मध्ये टाका आणि थ्रॉटल पूर्ण सोडून खाली या, हात ब्रेकवर तयार ठेवून पण ब्रेक न दाबता. शेजारून एक माणूस साध्या चालीने उतरत राहील. गाडी त्याच्या बरोबरीने आली तर स्प्रॅग आणि बेल्ट दोन्ही जिवंत आहेत. ती त्याला मागे टाकून पळू लागली, किंवा मधेच एक झटका देऊन सुटली, तर भाव कितीही उतरवला तरी घेऊ नका. आणि हे करण्याआधी स्वतःच्या गेजने चारही टायरची हवा सहावर आणून घ्या, कारण फुगलेल्या टायरवर चांगली गाडीही घसरेल आणि तुम्ही चुकीच्या कारणासाठी ती नाकारून परत याल.